कागदावर उतरलेला रिवाज
(गोवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर या भागातल्या लोकांचे अर्ज लिहून दिले. म्हणून आज मी कागदाबद्दल बोलणार आहे. राज्याने लोकांना लिहून दिलेला कागद आणि लोकांचा रिवाज राज्याने लिहून घेतलेला कागद, असे दोन्ही. विषय मध्ययुगीन स्पेनच्या सनदांचा आहे. गोवंडीत स्पेन कशाला, असे कुणाला वाटेल. पण या सनदांची थेट भावकी मांडवीच्या काठी, तिसवाडीत, पाचशे वर्षांपासून नांदते आहे, आणि तिथून महापालिकेच्या आपल्या एम पूर्व विभागापर्यंत सरळ वाट येते.

आधी स्पेनविषयी. अकराव्या-बाराव्या शतकात स्पेनच्या उत्तरेतली ख्रिस्ती राज्ये दक्षिणेकडे सरकत होती. जिंकलेला मुलूख ओसाड होता आणि सरहद्दीवर राहायला माणसे तयार नव्हती. मग राजे गावांना सनदा देऊ लागले. या सनदांना स्पेनमध्ये फुएरो म्हणतात. लेओनची सनद १०१७ची, सेपूल्वेदाची १०७६ची, लोग्रोन्योची १०९५ची. इथे येऊन वसा, जमीन कसा, भिंत बांधा, वेळ आली तर लढा. त्या बदल्यात आम्ही अमुक कर घेणार नाही, तमुक वेठ लावणार नाही, असा तो सौदा. लोग्रोन्योच्या सनदेत तर असे आहे की राजाचा अंमलदार जबरदस्तीने काही उचलून न्यायला वस्तीत शिरला आणि मारला गेला, तर त्या खुनाचा दंड गावावर पडणार नाही. राजा स्वतःच्या कारकुनाविरुद्ध गावाला हे लिहून देतो. तो दयाळू होता म्हणून नव्हे. माणसांची गरज त्याला होती आणि माणसांना ते ठाऊक होते.

सगळ्यांत मोठी आणि सविस्तर सनद कुएंकाची. आठव्या आल्फोन्सोने हे शहर ११७७मध्ये जिंकले आणि ११९०च्या सुमारास त्याची सनद तयार झाली. तिच्यात म्हटले आहे की वसायला येणारा ख्रिस्ती असो, मुसलमान असो की यहुदी, स्वतंत्र असो की दास, त्याने निर्धास्त यावे. मागच्या कर्जाचे आणि वैराचे उत्तर त्याच्याकडे मागितले जाणार नाही. न्यायाधीश आणि पंच शहराने दर वर्षी स्वतः निवडायचे. मात्र त्याच सनदेची दुसरी अट अशी की ज्याच्याकडे घोडा आणि शहरात घर नाही, त्याला हे पद मिळणार नाही. दार सर्वांना उघडे आणि ओसरीवर बसायचा मान घोडेवाल्यांना. ही अट लक्षात ठेवा. गोव्यात ती वेगळ्या रूपात भेटेल.

आपल्याकडे असे काही नव्हते असे समजू नका. उजाड गाव वसवायचे असले की मराठी मुलखात कौल दिला जाई. पहिली काही वर्षे सारा माफ, मग दर साल थोडा थोडा चढता, आणि ठरल्या वर्षी पूर्ण दर. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल, उदम्यांना जकातीत सूट. तंटा झाला की गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निकालाचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, बायकांची बांगडी अशा निशाण्या उमटत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या १९५३च्या ग्रंथात या कागदांचा जो अभ्यास केला, तो मी दर काही वर्षांनी पुन्हा वाचतो. महजर वाचताना मला एकच गोष्ट पाहावीशी वाटते: कोण कोण बसले होते. निकाल काय लागला, ते नंतर.

दिलेला शब्द पुढचा राजा पाळील याची हमी कशी घ्यायची, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. याच मुंबईत, परळला, शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७चा दानलेख सापडला. लेख संस्कृतात, पण शेवटची शापवाणी मराठीत. दान मोडणाऱ्याच्या आईची खालच्या चित्रात आणि शब्दांत अशी बेअब्रू दाखवली आहे की ती इथे उच्चारवत नाही. अशा शिळांना आपण गधेगाळ म्हणतो. संस्कृत दरबारासाठी आणि मराठी, ज्याने मोडायचे किंवा राखायचे त्या माणसासाठी. ज्या समाजाकडे दान राखायला दुसरे साधन उरत नाही तो शाप कोरतो, आणि त्या शापात अपमान बाईचाच करतो, हेही या शिळेवर वाचायला हवे.

बास्क प्रदेशात दुसरा उपाय होता. बिस्काय प्रांताचा अधिपती गेर्निकाच्या ओक वृक्षाखाली येऊन इथले रिवाज पाळीन अशी शपथ घेई. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सोने सगळ्या राज्याला एकच कायदा लावायचा घाट घातला, तेव्हा सरदारांनी आणि शहरांनी एवढा विरोध केला की १२७२मध्ये त्याला जुन्या सनदांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. १३४८ साली आल्कालाच्या राजाज्ञेने क्रम बांधून दिला: आधी राजाचा कायदा, मग सनद, आणि सनदही तिथे प्रत्यक्ष वापरात असेल तेवढीच. हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा आहे. जो रिवाज सभेत बोलला जात नाही आणि निवाड्यात वापरला जात नाही, तो कागदावर असूनही गेला. पुढे पाचव्या फिलिपने १७०७मध्ये वॅलेन्सियाच्या सनदा मोडीत काढल्या, आणि बास्कांच्या सनदा १८७६च्या कायद्याने गेल्या. पण वॅलेन्सियातली एक गोष्ट मोडली नाही. तिथल्या आठ पाटांच्या शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दारात बसते. शेतकऱ्यांनी निवडलेले लोक निवाडा करतात आणि सुनावणी सगळी तोंडी चालते. राजाची मोहोर गेली तरी सभा टिकली.

आता गोव्याकडे येऊ, कारण माझा खरा विषय तिथेच आहे.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१०मध्ये तिसवाडीची बेटे घेतली. पोर्तुगालमध्ये त्याच काळात मानुएल राजा गावोगावच्या जुन्या सनदा तपासून नव्याने लिहून काढत होता. तिथे त्यांना फोराल म्हणत. म्हणजे गोव्यात आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाताला हे काम सवयीचे होते. वित्ताधिकारी आफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या गांवकारांकडून माहिती घेतली आणि १६ सप्टेंबर १५२६ रोजी त्या बेटांच्या रूढी आणि रिवाजांचा फोराल जारी झाला. हेतू उघड होता. सारा किती, कोणाकडून, कोणत्या जबाबदारीने घ्यायचा, हे तिजोरीला कळायला हवे होते. तरीही लिहिताना मेशियाला गावाचे म्हणणे लिहावे लागले, कारण गावाखेरीज ते कोणालाच ठाऊक नव्हते.

फोराल सांगतो की ही बेटे पूर्वी ओसाड होती आणि काही माणसांनी येऊन ती लागवडीला आणली, बांध घातले. त्यांचे वंशज ते गांवकार. आठ मुख्य गावे, त्यात नेवरा, आजोशी, करमळी, एला, कालापूर, ताळगाव. गावाची कामे गांवकारांच्या सभेत ठरत आणि गावाचा लेखनिक ती लिहून ठेवी. पडीक जमीन बागायतीसाठी ठरावीक खंडाने देण्याचा अधिकार सभेचा. एखादे गाव सारा भरू शकेनासे झाले तर काय करायचे, त्यात मुख्य गावांच्या गांवकारांना कोणते काम, तेही लिहिले आहे. आणि मान कोणाचा आधी, हे तर फारच बारकाईने. ताळगावच्या गांवकारांना भाताची पहिली कापणी करण्याचा मान, आणि ती कणसे गोव्याच्या मुख्य चर्चच्या वेदीवर नेऊन ठेवण्याचा. ताळगावचा कणसांचा सण आजही २१ ऑगस्टला होतो. नवा देव वेदीवर बसला, पण पहिली पेंढी कोणी आणायची हा हक्क जुनाच राहिला. तिजोरीच्या कामासाठी लिहिलेल्या कागदात हे का आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे की सांगणाऱ्यांच्या दृष्टीने सारा आणि मान या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. गावाची ओळख गेली तर सारा कोणाच्या नावावर लिहिणार?

यामागे एक भौतिक कारणही आहे. तिसवाडीतली पुष्कळशी भातशेती खाजनातली, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या जमिनीतली. बांध एका ठिकाणी फुटला की खारे पाणी साऱ्या शेतांत पसरते. मानशीची झडप कोणी उघडायची, कोणी मिटायची, बांधाची डागडुजी कोणी करायची, हे एकट्यादुकट्याने ठरवता येत नाही. आपल्या कुलाबा-ठाणे भागातली खारबांदिस्तीही अशीच सामाईक मेहनतीवर उभी होती. गांवकरी टिकली ती सद्भावनेवर नव्हे, चिखलावर.

पण आता कुएंकाच्या घोड्याची आठवण करा. फोरालमध्ये गांवकार म्हणजे गावातला प्रत्येक माणूस नव्हे. ठरावीक घराण्यांतले पुरुष, तेवढेच. त्याच खाजनात राबणारे कुणबी आणि इतर कष्टकरी सभेत नव्हते. मुलीला वारसा नव्हता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे स्वतः गोव्याचे, कोसबेंचे. त्यांनी जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर १९४७मध्ये जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी ग्रामसमाजाच्या गोड कल्पनेला धक्का दिला आणि जमीन कोणाच्या ताब्यात होती, राबत कोण होते, ते विचारले. ते लिहिताना ते मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांच्याशी मी या बाबतीत पूर्ण सहमत आहे. एक पुस्ती मात्र जोडतो. सभा थोड्यांची होती म्हणून सभाच नको, असा निष्कर्ष कोसंबींच्या निबंधातून निघत नाही. सभेचे दार कोणी अडवले होते, ते त्यातून कळते.

पुढे काय झाले ते थोडक्यात. १५४१मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामासाठी वळवले गेले, आणि तेही गांवकारांची संमती कागदावर घेऊन. करार कसा वाकवता येतो, याचे हे उदाहरण. बार्देश आणि गोव्यातली साष्टी १५४३मध्ये पोर्तुगीजांकडे आली. त्यांच्या अखेरच्या वर्षात, १५ एप्रिल १९६१ला, कोमुनिदाद, म्हणजे गांवकरी, यांची संहिता निघाली आणि मुक्तीनंतरही ती गोव्यात लागू राहिली. आज दोनशेहून अधिक कोमुनिदाद आहेत, त्यांच्या गांवकारांना झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळतो, आणि जमिनीच्या भावामुळे त्यांच्यावर बांधकाम, अतिक्रमण, वारसदारी यांचे खटले चालू असतात. फोराल लिहिलेला मजकूर म्हणून जतन झाला. कुन्या रिवारा यांनी एकोणिसाव्या शतकात तो छापला. संस्था म्हणून जे टिकले ते सभेमुळे.

मुंबईचाही एक करार आहे. हे बेट पोर्तुगाल आणि इंग्लंडच्या राजघराण्यांमधल्या १६६१च्या विवाहकरारात इंग्रजांना आले, १६६८मध्ये कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने मिळाले, आणि जमीन कोणाची यावर लोकांशी वाद पेटला. गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७२मध्ये रहिवाशांशी तडजोड केली. लोकांनी वर्षाला २०,००० झेराफिन नाणी द्यायची, कंपनीने त्यांच्या जमिनी मान्य करायच्या. आज आपण बसलो आहोत ती जागा त्यात आली नाही. गोवंडी, देवनार, बोर्ला, मानखुर्द ही तुर्भे बेटावरची गावे. मुंबईलगतच्या साष्टी बेटासह हा टापू पोर्तुगीजांकडे राहिला, १७३७च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि १७७४मध्ये इंग्रजांनी घेतला. त्या तिन्ही राजवटींत इथले कोळी-आगरी खाडीत, मिठागरांत आणि भातखाचरांत राहिले. त्यांच्या गावठाणांच्या हद्दी आणि खाडीवरचे हक्क आजही कागदोपत्री अपुरे आहेत.

मग आले तुम्ही, तुमचे आईवडील, आजोबा. देवनारची कचराभूमी १९२७पासूनची. १९७०च्या दशकात शहरातल्या मोडलेल्या वस्त्यांतली माणसे शिवाजीनगर-बैंगणवाडीत आणली गेली. १९७६मध्ये, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पात हलवली. जागा दलदलीची. लोकांनी राडारोडा, माती, दगड आणून भराव केला, पावसागणिक उंच केला. स्पेनच्या सरहद्दीवर राजाने आधी सनद दिली आणि मग माणसे आली. इथे माणसे आधी आली, जमीन त्यांनी तयार केली, आणि कागद मागून आला.

तो कागद कोणता? १९७६च्या जानेवारीत झोपडपट्ट्यांची गणना झाली आणि फोटोपास मिळाला. पुढे पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणी सांगितले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि १९७६च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मिळवायला चळवळी कराव्या लागल्या. गुरुजींसारख्यांनी रात्री बसून अर्ज भरले, रेशनकार्डाच्या आणि मतदारयादीच्या प्रती जोडल्या, म्हणून कित्येक घरे त्या तारखेच्या आत बसली.

आणि तरी मला वाटते की हा कागद फोरालपेक्षा एका बाबतीत दुबळा आहे. फोटोपास एका झोपडीला, एका कुटुंबाला ओळखतो. त्यावर एक फोटो आणि एक क्रमांक असतो. वस्तीला तो ओळखत नाही. कुएंकाच्या सनदेने जमिनीबरोबर पंच निवडायचा हक्क दिला होता. मेशियाच्या फोरालने सारा घेतला, पण गांवकारांची सभा मान्य केली. आपल्या कागदात सभाच नाही. त्यामुळे प्रत्येक कुटुंब आपल्या पुराव्याची पिशवी घेऊन एकटे खिडकीसमोर उभे राहते, आणि शेजाऱ्याचा पुरावा २००१चा निघाला तर तो शेजारी एकाच भरावावर राहूनही कायद्याने दुसऱ्या जगात जातो. झोपडपट्टी पुनर्वसनात संमती घेतात हे खरे. ७० टक्क्यांची अट पुढे ५१ टक्क्यांवर आली. पण ती संमती एका इमारतीच्या योजनेला, एकदाच, विकासकाच्या कागदावर. दर महिन्याला बसून पाणी कसे वाटायचे हे ठरवणारी सभा ती नव्हे.

दुसरा मार्ग या राज्यात आहे, आणि तो दूरचा नाही. वनहक्क कायदा २००६मध्ये झाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९मध्ये त्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. हक्क कोणा एका घराला नव्हे, ग्रामसभेला. पुढे २०११मध्ये बांबूची वाहतूक-परवाना पुस्तिका केंद्रीय मंत्र्याने ग्रामसभेच्या हाती दिली. एकमताने निर्णय घ्यायची त्या गावाची पद्धत कायद्याने शिकवलेली नव्हती. कायद्याने ती असलेली मान्य केली. दुसरे साधन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतच आहे, १९६६च्या. तिच्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे आहेत. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावातले पाटाचे पाणी, वहिवाटीचा रस्ता, मासेमारी यांविषयीच्या रिवाजांची नोंद, आणि ती जिल्हाधिकाऱ्याने करायची. मेशियाने तिसवाडीत जे केले तेच काम, आपल्याच कायद्यात, आपल्याच अधिकाऱ्याकडे सोपवलेले. विदर्भाच्या जुन्या महसूल-व्यवस्थेतून हे आले आणि मुंबई उपनगरात त्याचा विचारही होत नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने खेड्यात ग्रामसभा दिली. ७४व्याने शहरात प्रभाग समित्या दिल्या, पण गल्लीत राहणाऱ्या माणसांची सभा दिली नाही. खेड्यातला माणूस लोकल पकडून गोवंडीला उतरला की त्याचा सभेतला आवाज मागे राहतो. हा भेद मला घटनेच्या आशयाशी विसंगत वाटतो आणि तो बदलायला हवा, असे मी स्पष्ट म्हणतो.

कायदा बदलेपर्यंत काय? रिवाज लिहून काढायला कोणाची परवानगी लागत नाही. या वस्त्यांत रिवाज आहेत. नळाला पाणी किती वाजता आणि कोणत्या क्रमाने, सामाईक संडासाची किल्ली कोणाकडे आणि वर्गणी किती, गटार कोणी काढायचे, फेरीवाल्याने कुठे बसायचे, मयत झाले तर गल्ली किती दिवस कोणता खर्च उचलते, खाडीत जाळे टाकायचा कोळ्यांचा हक्क कुठपर्यंत, भंगार वेचणाऱ्या बायकांची ठरलेली हद्द कोणती. हे सगळे तोंडी ठरलेले आणि पाळलेले आहे. आल्कालाच्या आज्ञेत म्हटल्याप्रमाणे ते वापरात आहे, आणि म्हणूनच लिहिण्याजोगे आहे.

पण लिहिताना फोरालची चूक करायची नाही. भाडेकरूचे नाव आले पाहिजे. २०००नंतर आलेल्याचे आले पाहिजे. सासरी आलेल्या, सोडून दिलेल्या, विधवा झालेल्या बाईचे, तिच्या स्वतःच्या नावाने. जो पावती दाखवू शकत नाही त्याच्यासाठी दोन शेजाऱ्यांची साक्ष पुरेशी मानायची. गोतसभेत साक्षच चालत असे. नोंद मराठीत, हिंदीत आणि उर्दूत व्हावी, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ती वाचता येईल. आणि महिन्यातून एकदा ती सभेत मोठ्याने वाचली जावी, हरकत असेल त्याची हरकत समासात लिहिली जावी.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना लेखनिकाचे काम देता येईल, पण नोंदवही त्यांच्याकडे राहू नये. ती वस्तीकडे राहावी आणि तिची प्रत उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्यावी. पहिली प्रत नाकारली गेली तर नाकारल्याचे पत्र मागावे आणि तेही त्याच वहीत चिकटवावे. फोरालमधल्या गावाशी संबंधित कलमांचा मराठी सारांश मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना आपल्या गल्लीची नोंद सुरू करायची आहे त्यांनी थांबावे. कोणत्या कलमापासून सुरुवात करायची ते आपण बसून ठरवू.